व्हीएमला नेट नाही? काहीही रिइन्स्टॉल करण्याआधी पॅकेट कुठे अडकलंय ते बघा

परवा रात्री सव्वाअकराला कांदिवलीहून मामेभावाचा फोन. "दादा, व्हीएममध्ये नेटच येत नाहीये, आणि उद्या सबमिशन आहे." (व्हीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर; आतला तो गेस्ट, बाहेरचा खरा तो होस्ट.) विचारलं काय काय केलंस, तर भाईने लिबव्हर्ट, म्हणजे व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकलं होतं, मशीन तीनदा रिबूट मारलं होतं, गेस्ट नवीन बनवून बघितला होता आणि शेवटी कुठल्यातरी व्हिडिओत बघून आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, सगळे नियम उडवले होते, त्यामुळे डॉकरचे जे कंटेनर (होस्टवरच वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम) तोपर्यंत बिचारे गुमान चालत होते तेही गप्प झाले. मी म्हटलं, "बरं, गेस्टला आयपी मिळालाय का?" तिकडे दोन सेकंद शांतता. मग, "ते नाही बघितलं."

त्या दोन सेकंदांमुळे हे लिहायला बसलो. ऑफिसात पण हेच बघतो, चांगली पाच-सात वर्षं लिनक्स वापरणारी माणसं व्हीएमचं नेट गेलं की एकदम देवावर भरवसा ठेवून सेटिंगा बदलत सुटतात. अरे, लोकल बंद पडली तर आपण काय करतो? दादरला गाडी दिसली आणि कुर्ल्याला आलीच नाही, म्हणजे माटुंगा नाहीतर सायनच्या आसपास उभी आहे, मग सीएसएमटीला जाऊन भांडण्यात काय अर्थ आहे? पॅकेटचं, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचं, पण तसंच आहे, त्याचा रूट ठरलेला असतो आणि प्रत्येक स्टेशनवर उभं राहून गाडी गेली का ते बघता येतं.

एक सांगून ठेवतो, कमांडी मी इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायच्या. जास्त करून केव्हीएम (लिनक्समध्येच असलेली व्हीएम चालवायची सोय) आणि लिबव्हर्टबद्दलच बोलणार आहे कारण मी तेच वापरतो, व्हर्च्युअलबॉक्स ह्या दुसऱ्या व्हीएम सॉफ्टवेअरचं जिथे वेगळं आहे तिथे सांगीन.

आधी रूट समजून घ्या

गेस्टच्या आत एक नेटवर्क कार्ड दिसतं, ते खोटं. त्याचं दुसरं टोक होस्टवर व्हीनेट० अशा नावाने दिसतं. हे व्हीनेट० एका ब्रिजला, म्हणजे होस्टमधल्या सॉफ्टवेअरच्या स्विचला, जोडलेलं असतं, लिबव्हर्टच्या डिफॉल्ट नेटवर्कमध्ये त्या ब्रिजचं नाव व्हर्बीआर०. तिथून पॅकेट होस्टच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) चढतं, फॉरवर्ड चेनमधून, म्हणजे एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या पॅकेटांसाठीच्या फायरवॉलच्या नियमांमधून, जातं, नॅट होतं, आणि मग खऱ्या कार्डातून किंवा वायफायमधून राउटरकडे. झाली सगळी स्टेशनं.

नॅट म्हणजे काय, तर सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. कुरियरवाल्याला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत, कुठलं पार्सल कुठल्या खोलीचं ते वॉचमनच्या वहीत. म्हणून गेस्ट बाहेर जाऊ शकतो पण बाहेरचा कोणी सरळ गेस्टच्या दारावर येऊ शकत नाही, आणि हा बिघाड नाहीये, ते तसंच असतं. निम्मे लोक "माझ्या फोनवरून व्हीएमची साईट उघडत नाही" म्हणून जी खिटपिट करतात ती इथेच संपते. ब्रिज मोडमध्ये मात्र वॉचमन नाही, गेस्टला तुमच्या घरच्या राउटरकडून थेट स्वतःचा आयपी मिळतो आणि तो बाकीच्या मशीनसारखाच एक होतो.

आपला गेस्ट कुठल्या मोडमध्ये आहे हे पहिलं बघायचं: सुडो व्हर्श डोमिफलिस्ट आणि पुढे गेस्टचं नाव (व्हर्श ही लिबव्हर्टची कमांड, सुडो म्हणजे ती ॲडमिनच्या हक्काने चालवणं). त्यात व्हीनेटचं नाव, कुठल्या नेटवर्कला किंवा ब्रिजला जोडलंय ते आणि मॅक ॲड्रेस (कार्डाचा हार्डवेअर नंबर), सगळं एका ओळीत मिळतं. केव्हीएमचा मॅक बहुतेक ५२:५४:०० ने सुरू होतो, व्हर्च्युअलबॉक्सचा ०८:००:२७ ने. राउटरच्या लिस्टमध्ये ओळखायला हे बरं पडतं.

सुडो मुद्दाम लिहिलंय. साध्या युजरने व्हर्श चालवला की बऱ्याच मशीनवर तो तुमच्या सेशनच्या लिबव्हर्टला जोडला जातो, सिस्टीमच्या नाही, आणि मग यादी रिकामी. "माझे सगळे व्हीएम उडाले!" असा मेसेज मला आलाय, रात्री दीड वाजता. काही उडालं नव्हतं, फक्त सुडो नव्हतं.

गेस्टला आयपी काय मिळाला?

गेस्टच्या आत आयपी ए टाका, आणि जो नंबर दिसेल तो नीट वाचा, त्यावरून अर्धी गोष्ट कळते.

१९२.१६८.१२२ ने सुरू होत असेल तर लिबव्हर्टचं डिफॉल्ट नॅट नेटवर्क चालू आहे, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) चालू आहे, गेस्टपासून व्हर्बीआर० पर्यंतचा रूळ ठीक आहे. वांदा त्याच्या पुढे. गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१२२.१, तो म्हणजे तुमचाच होस्ट.

१०.०.२.१५ असेल तर एकतर व्हर्च्युअलबॉक्सचं साधं नॅट किंवा क्यूएमूचं (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) युजर मोड नेटवर्क. इथे एक गंमत आहे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये साध्या नॅटवर प्रत्येक गेस्टला हाच आयपी मिळतो कारण प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं छोटं जग असतं, त्यामुळे दोन गेस्ट एकमेकांना कधीच दिसणार नाहीत, कितीही फायरवॉल बंद करा. दोघांना बोलायचं असेल तर नॅट नेटवर्क नावाचा वेगळा ऑप्शन आहे तो घ्या. आणि क्यूएमूच्या युजर मोडमध्ये बाहेरचं पिंग बऱ्याचदा चालतच नाही पण वेब चालतं, तेव्हा तिथे पिंगवरून निकाल देऊ नका, कर्ल, म्हणजे टर्मिनलमधून वेबपेज मागवायची कमांड, मारून बघा.

१६९.२५४ असेल, विशेषतः विंडोज गेस्टमध्ये, तर डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही आणि मशीनने स्वतःच स्वतःला नंबर देऊन टाकलाय. लिनक्स गेस्टमध्ये अशा वेळी बहुतेक आयपीच दिसत नाही, नुसतं कार्ड दिसतं.

आणि कार्डाचं नावच बदललं असेल तर? आधी ईएनएस३ होतं, आता ईएनपी१एस० दिसतंय आणि ते बंद आहे. हे मशीन टाईप (गेस्टला दाखवलेला खोटा मदरबोर्ड) बदलला की होतं, जुन्या आय४४०एफएक्सवरून क्यू३५ वर गेलात की कार्ड दुसऱ्या स्लॉटला लागतं आणि नाव त्यावरून ठरतं. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमध्ये जुनं नाव लिहिलेलं असतं, ते बदला, विषय संपला.

आयपीच मिळत नसेल तर

होस्टवर सुडो व्हर्श नेट-लिस्ट --ऑल. डिफॉल्टच्या पुढे इनॲक्टिव्ह लिहिलं असेल तर सुडो व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट, आणि लगेच सुडो व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट. दुसरी कमांड लोक विसरतात. मग जुलैत पावसात लाईट जाते, मशीन परत चालू होतं, आणि आज अचानक काय झालं म्हणून शोध सुरू. अचानक काही झालं नाही, तुम्ही मार्चमध्ये ऑटोस्टार्ट लावलं नव्हतं.

व्हर्बीआर० वर डाउन किंवा नो-कॅरियर दिसलं म्हणून घाबरू नका, एकही गेस्ट चालू नसेल तर ते तसंच दिसतं. गेस्ट चालू असताना दिसलं तर मात्र व्हीनेट० ब्रिजला लागलेलाच नाही. ब्रिज लिंक ही कमांड टाका, व्हीनेट० च्या ओळीत मास्टर व्हर्बीआर० दिसायला हवं. हा झोल कधी होतो, तर गेस्ट चालू असताना कोणी नेट-डिस्ट्रॉय आणि नेट-स्टार्ट केलं की. ब्रिज मोडून नवीन बनतो, पण चालू गेस्टचं व्हीनेट० जुन्याच्या नावाने लोंबकळत राहतं. आयपी लिंक सेट व्हीनेट० मास्टर व्हर्बीआर० केलं की परत जोडलं जातं, किंवा गेस्ट पूर्ण बंद करून चालू करा. गेस्टच्या आतून रिबूट करून काही होत नाही, कारण त्यात व्हीनेट० तोच राहतो, आणि इथेच मामेभावासारखे लोक "रिबूट करून पण झालं नाही" म्हणून पुढे भलतीकडे जातात.

नेट-स्टार्ट करतानाच एरर आला तर तो वाचा हो, इंग्रजीत असला तरी बहुतेक दोनच प्रकारचा असतो. एक, ॲड्रेस आधीच वापरात आहे असं ५३ नंबर पोर्टबद्दल. लिबव्हर्ट डीएचसीपी आणि डीएनएससाठी (नावावरून आयपी शोधणं) स्वतःचा डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम चालवतो, आणि तुम्ही घरात जाहिराती ब्लॉक करायला म्हणून दुसरा डीएनएस सर्व्हर टाकून ठेवला असेल जो सगळ्याच कार्डांवर ५३ धरून बसलाय, तर दोघांची मारामारी होते. सुडो एसएस -एलएनयूपी टाकून बघा ५३ वर कोण बसलंय, आणि त्याला सांगा की बाबा फक्त तुझ्या कार्डावर बस. दुसरा एरर, हे नेटवर्क दुसऱ्या इंटरफेसवर आधीच आहे. हा व्हीएमच्या आत व्हीएम चालवणाऱ्यांना येतो, कारण बाहेर पण १९२.१६८.१२२ आणि आत पण तेच. आतल्याचा नंबर नेट-एडिट करून १२३ करून टाका.

आयपी आहे पण नेट नाही

गेस्टमधून पाच पिंग, ह्याच क्रमाने. आधी गेटवे १९२.१६८.१२२.१. मग होस्टचा घरच्या नेटवर्कवरचा आयपी. मग राउटर. मग ८.८.८.८. आणि सगळ्यात शेवटी एखाद्या साईटचं नाव. जिथे पहिल्यांदा अडकेल तिथे थांबा, पुढचं करू नका.

८.८.८.८ ला जातंय पण नावाला जात नाही, तर नेटवर्क ठणठणीत आहे, डीएनएसची तक्रार आहे. गेस्टमध्ये डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) करून थेट १९२.१६८.१२२.१ ला विचारा. उत्तर आलं तर गेस्टची रिझॉल्व्ह.कॉन्फ चुकीची आहे, बहुतेक कोणीतरी टेम्प्लेट बनवताना ऑफिसचा डीएनएस त्यात लिहून ठेवलाय. उत्तर नाही आलं तर होस्टवर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस बघा, आणि होस्टवर यूएफडब्ल्यू (उबुंटूची सोपी फायरवॉल) चालू असेल तर सुडो यूएफडब्ल्यू अलाव इन ऑन व्हर्बीआर०, कारण गेस्टचा डीएनएसचा प्रश्न होस्टच्याच दारावर येतो आणि दार बंद असतं. त्याच दारामुळे कधीकधी डीएचसीपीपण अडतं. आणि मेहेरबानी करून, यूएफडब्ल्यू चालू असताना एसएसएचवरून (दूरून लॉगिन करून) आयपीटेबल्सचे नियम उडवू नका, नियम जातात पण ड्रॉपची पॉलिसी (नियम नसेल तर पॅकेट फेकून दे) तशीच राहते, मग तुम्ही बाहेर आणि मशीन आत.

आता मामेभावाकडे परत. त्याच्या गेस्टला १९२.१६८.१२२.८७ मिळाला होता. गेटवेला पिंग जात होतं. होस्टला पण. राउटरला नाही. म्हणजे गाडी होस्टपर्यंत आली आणि पुढे दिसली नाही. आता स्टेशनवर उभं राहायचं.

स्टेशनवर उभं राहणं म्हणजे टीसीपीडंप, येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड. होस्टवर दोन टर्मिनल उघडा, एकात सुडो टीसीपीडंप -एनआय व्हर्बीआर० आयसीएमपी (पिंग ह्यावरच चालतं), दुसऱ्यात तेच पण व्हर्बीआर० च्या जागी तुमच्या खऱ्या कार्डाचं नाव, आणि गेस्टमधून ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा. पहिल्यात रिक्वेस्ट दिसतेय, दुसऱ्यात काहीच नाही, तर होस्टचा कर्नल मधे खातोय. दोन्हीत दिसतेय पण दुसऱ्यात सोर्स आयपी अजून १९२.१६८.१२२ चाच आहे, तर नॅट होत नाहीये, राउटरला तो नंबर माहीतच नाही तर उत्तर कुठे पाठवणार? दोन्हीत दिसतेय, सोर्स बरोबर आहे, उत्तर येत नाही, तर तुमचं मशीन निर्दोष, राउटर किंवा केबलवाल्याकडे बघा. डीएचसीपीसाठी आयसीएमपीच्या ऐवजी पोर्ट ६७ ऑर पोर्ट ६८ लिहा.

त्याचं पहिलं निघालं. व्हर्बीआर० वर दिसत होतं, वायफायवर नाही. ह्यात मुख्य संशयित दोन. सिससीटीएल नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड, हा कर्नलचा फॉरवर्डिंगचा स्विच, तो १ पाहिजे, १ होता. मग सुडो आयपीटेबल्स -एल फॉरवर्ड -व्ही -एन, आणि पहिल्याच ओळीत, पॉलिसी ड्रॉप, पुढे पॅकेटांचा आकडा. पाच सेकंदांनी परत तीच कमांड, आकडा पाचने वाढलेला. सापडला.

"डॉकर कधी टाकलास?" "आज दुपारी. पण दादा, डॉकर टाकल्यावर पण चालू होतं! संध्याकाळी लाईट गेली तेव्हापासून बंद आहे." बिचारा पावसाला शिव्या घालत होता, आणि इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे कारण ह्या एका गोष्टीने लोकांचे अख्खे रविवार खाल्लेत.

डॉकर आणि व्हीएम एकाच होस्टवर

डॉकर चालू होताना बघतो की आयपी फॉरवर्डिंग चालू आहे का. नसेल तर तो स्वतः चालू करतो, आणि मग सुरक्षेसाठी फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतो, जेणेकरून तुमचं मशीन उगाच सगळ्यांचं राउटर होऊ नये. तसं बघितलं तर विचार बरोबर आहे. पण फॉरवर्डिंग आधीच चालू असेल तर तो पॉलिसीला हात लावत नाही. दुपारी डॉकर टाकला तेव्हा लिबव्हर्टने फॉरवर्डिंग आधीच चालू केलेलं होतं म्हणून सगळं सुरळीत. लाईट गेली, मशीन परत उठलं, ह्या वेळी डॉकर आधी उठला, लिबव्हर्ट नंतर, आणि पॉलिसी ड्रॉप. म्हणून "कधी चालतं कधी चालत नाही" असं वाटतं, तर ते फक्त सकाळी आधी कोण उठलं ह्यावर आहे.

मग तुम्ही म्हणाल, आधी तर हे दोघं वर्षानुवर्षं एकत्र चालायचे. हो, कारण लिबव्हर्ट स्वतःच्या परवानग्या त्याच आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड चेनमध्ये घालायचा, त्यामुळे ड्रॉप व्हायच्या आधी पॅकेट सुटायचं. २०२४ मध्ये लिबव्हर्ट १०.४.० आलं आणि त्यात एनएफटेबल्सचा (आयपीटेबल्सच्या जागी आलेली नवी फायरवॉल) बॅकएंड आला, नवीन डिस्ट्रोंमध्ये तोच वापरात असू शकतो. आता लिबव्हर्टचे नियम त्याच्या स्वतःच्या वेगळ्या टेबलात. आणि एनएफटेबल्सचा कायदा असा की एका टेबलाने पास केलं तरी दुसऱ्या टेबलाने अडवलं की खेळ खलास. दोन टीसी आहेत, एकाने तिकीट बघून सोडलं म्हणून दुसरा सोडेलच असं नाही.

उपाय दोन. पहिला, /ईटीसी/लिबव्हर्ट/नेटवर्क.कॉन्फ ह्या फाईलमध्ये फायरवॉल_बॅकएंड = "आयपीटेबल्स" लिहायचं आणि लिबव्हर्टची सर्व्हिस रिस्टार्ट करायची (काही डिस्ट्रोत तिचं नाव लिबव्हर्टडी, काहींत व्हर्टनेटवर्कडी). दुसरा, डॉकरने खास आपल्यासाठी ठेवलेली डॉकर-यूजर नावाची चेन आहे, त्यात व्हर्बीआर० मधून येणाऱ्याला ॲक्सेप्ट आणि व्हर्बीआर० कडे जाणाऱ्यांत जे आधीच्या कनेक्शनचं उत्तर आहे त्याला ॲक्सेप्ट, असे दोन नियम घालायचे. हे नियम रिबूटला जातात, म्हणून डॉकरनंतर चालणारी छोटी सिस्टीमडी सर्व्हिस बनवून त्यात ठेवा. आम्ही पहिला उपाय केला, डॉकर रिस्टार्ट करून त्याचे उडवलेले नियम परत आणले, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी गेस्टमध्ये ॲप्ट अपडेट पळायला लागला.

लोक इंटरनेटवर सरळ सांगतात, आयपीटेबल्स -पी फॉरवर्ड ॲक्सेप्ट मारा. चालतं, पण मग दार उघडंच. तपासायला दोन मिनिटं मारा आणि परत बंद करा, मला तरी कायमचं ठेवायला आवडत नाही.

आणि ह्याचाच दुसरा अवतार ब्रिज मोडमध्ये भेटतो, तो जास्त कपटी. डॉकर असलेल्या मशीनवर बऱ्याचदा बीआर_नेटफिल्टर नावाचं कर्नल मॉड्यूल लोड झालेलं असतं, मग ब्रिजच्या एका पोर्टमधून दुसऱ्यात जाणारी आयपी पॅकेटंसुद्धा, जी खरं तर होस्टच्या फायरवॉलला दाखवायची पण गरज नाही, ती फॉरवर्ड चेनमधून फिरवली जातात आणि तिथे ड्रॉप. ओळखायची खूण सांगतो. गेस्टला स्टॅटिक आयपी देऊन राउटरला पिंग करा, मग आयपी नेबर टाका. राउटरचा मॅक दिसतोय पण पिंग जात नाही, असं दिसलं की समजा हाच. कारण एआरपी, म्हणजे आयपीवरून मॅक विचारणं, आयपीटेबल्समधून जात नाही, ते सुटतं, बाकी सगळं अडतं. सिससीटीएल नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स १ आहे का बघून खात्री करा. डॉकर-यूजरमध्ये बीआर० (तुमचा ब्रिज) मधून बीआर० कडे जाणाऱ्याला ॲक्सेप्ट असा एकच नियम घातला की झालं. तो सिससीटीएल ० करून पण चालतं, पण डॉकर रिस्टार्ट झाला की परत १ होऊ शकतो आणि कंटेनरांच्या आपापसातल्या बंधनांवर परिणाम होतो, म्हणून नियमच बरा.

ब्रिज: वायफायवर नाही होत, सोडा

आपल्याकडे वन रूम किचनमध्ये राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, आणि लॅपटॉप आतल्या खोलीत वायफायवर. मग ब्रिज बनवून त्यात वायफाय कार्ड घालायला गेलं की कर्नल सांगतो हे डिव्हाईस ब्रिजमध्ये जात नाही. हे ड्रायव्हरचं लफडं नाही. वायफायचा ॲक्सेस पॉइंट ज्या मॅकने लॉगिन केलंय त्याच मॅककडून फ्रेम घेतो, गेस्टचा मॅक त्याच्या वहीत नाही, तो फेकून देतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये वायफायवर ब्रिज चालतो कारण तो जाताना गेस्टचा मॅक पुसून होस्टचा मॅक लावतो, ती त्याची जुगाड आहे. केव्हीएमवर तीन रस्ते: नॅटवरच राहा आणि बाहेरच्या मशीनवरून यायचं असेल तर एसएसएच -जे होस्ट असं होस्टमार्गे उडी मारून या, किंवा राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाकता येत असेल तर राउटेड (नॅट न करता पॅकेट पुढे पाठवणारं) नेटवर्क बनवा, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचं इथरनेट कार्ड आणि लांब केबल आणा आणि भिंतीच्या कडेने ओढा. मी तिसरं केलं. आई अजून त्या केबलवरून बोलते.

वायरवर ब्रिज बनवताना पहिली चूक सगळ्यांची तीच, आयपी कार्डावरच ठेवतात. कार्ड ब्रिजमध्ये गेलं की त्याचा आयपी काढायचा आणि ब्रिजला द्यायचा, कार्ड नुसतं पोर्ट होतं. एनएमसीएलआयने (नेटवर्कमॅनेजरची कमांड) बीआर० नावाचा ब्रिज बनवा, ईएनपी३एस० ह्या खऱ्या कार्डाला त्याचं पोर्ट म्हणून जोडा, जुनं वायर्ड कनेक्शन बंद करा, बीआर० चालू करा. दोन्हीकडे आयपी ठेवला तर कधी चालतं, कधी अर्धंच चालतं, आणि तुम्ही वेडे होता.

हे एसएसएचवरून करत असाल, म्हणजे मशीन ऑफिसात आणि तुम्ही ८:५२ च्या फास्टमध्ये उभे, तर आधी परतीचं तिकीट काढा: सुडो सिस्टीमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=३०० आणि पुढे जुनं कनेक्शन परत चालू करायची एनएमसीएलआयची कमांड. पाच मिनिटांत तुम्ही आत असाल तर तो टायमर थांबवा, नसाल तर मशीन आपोआप जुन्या जागी येईल. मी एकदा हे न करता केलं आणि रविवारी भर पावसात अंधेरीला जावं लागलं, फक्त एक केबल काढून घालायला.

ब्रिजवर गेस्टला आयपी मिळतो पण चालू झाल्यावर अर्ध्या मिनिटाने, किंवा डीएचसीपी कंटाळून सोडून देतो? एसटीपी (ब्रिजमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू आहे. नवीन पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मग पॅकेट सोडतं. घरच्या साध्या ब्रिजवर, जिथे केबलचा लूप नाही, तिथे ब्रिज.एसटीपी नो करा.

आणि केबलवाल्याची वायर राउटर न लावता सरळ मशीनमध्ये असेल तर गेस्टला ब्रिजवर आयपी मिळेल ही आशा सोडा. आमच्या बिल्डिंगचा केबलवाला एका कनेक्शनला एकच मॅक बांधून देतो, त्याला फोन केला तर म्हणतो "राउटर लावा ना साहेब". बरोबरच बोलतो.

मॅकव्हीटॅप (ब्रिज न बनवता गेस्टला सरळ होस्टच्या कार्डावर टांगायची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: गेस्ट सगळ्या जगाशी बोलतो, फक्त स्वतःच्या होस्टशी नाही. ते डिझाईनच तसं आहे, शोधत बसू नका, होस्टशी बोलायला दुसरं कार्ड डिफॉल्ट नेटवर्कवर द्या.

राहिलेलं

क्लोन केलेल्या दोन उबुंटू गेस्टना एकच आयपी मिळतो, मॅक वेगळे असून. डीएचसीपीला ओळख म्हणून मॅक नाही तर मशीन-आयडीवरून बनलेली आयडी जाते आणि क्लोनमध्ये ती पण क्लोन झालेली असते. क्लोन करण्याआधी मूळ गेस्टमध्ये /ईटीसी/मशीन-आयडी रिकामी करा आणि बंद करा, किंवा बंद असताना व्हर्ट-सिसप्रेप चालवा.

ऑफिसचा व्हीपीएन लावला की व्हीएम मरतो, ह्यात दोन शक्यता. एक, व्हीपीएनने तुमच्या व्हीएमचाच नंबर स्वतःकडे ओढलाय. आयपी रूट गेट १९२.१६८.१२२.८७ टाका, उत्तरात व्हर्बीआर० च्या जागी टनेलचं नाव आलं तर तेच, लिबव्हर्टचं नेटवर्क दुसऱ्या नंबरवर न्या. दोन, पिंग जातं, डीएनएस होतं, पण वेबपेज अर्धं येऊन लटकतं, गिट क्लोन अडकतं. हा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. वायरगार्ड ह्या व्हीपीएनचा डिफॉल्ट १४२० आहे आणि गेस्ट समजतो १५००. गेस्टमधून पिंग -एम डू -एस १४७२ बघा, मग १३९२ बघा (दोन्हीत २८ हेडरचे मिळवायचे). दुसरा जातो आणि पहिला नाही, तर नेटवर्कच्या एक्सएमएलमध्ये एमटीयू साईझ १४०० लिहा, नेटवर्क बंद करून चालू करा आणि गेस्टही.

एवढं करून पण नाही झालं तर खुशाल विचारा, पण "नेट नाही" एवढंच लिहून नको. गेस्टमधलं आयपी ए आणि आयपी आर, होस्टवरचं डोमिफलिस्ट, ब्रिज लिंक, फॉरवर्ड चेनची पहिली ओळ, आणि पाचपैकी कुठलं पिंग पहिलं अडकलं ते. मजकूर कॉपी करून पाठवा, स्क्रीनचा वाकडा फोटो नको, त्यात आठ आणि तीन सारखेच दिसतात. आणि रात्री अकराच्या आत.